मित्राचं नाटक कुणाला सांगावं?

मला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी लातूर जिल्ह्यात शाळेत शिकवते. चार एकांकिका लिहिल्यात, एक दोन अंकी नाटक. सहा वर्षांपूर्वी एका नाट्यलेखन शिबिरात आम्ही पाच जण भेटलो आणि तेव्हापासून एकमेकांचं लिखाण वाचतो. हल्ली कॉलेजची मुलं, हौशी मंडळी मला फोन करतात. 'मॅडम, नवीन काहीतरी सांगा, दोन मुली आणि एक मुलगा आहे.' मी माझ्या मित्रमैत्रिणींची नाटकं सुचवते. पण आता तीन गोष्टींनी झोप उडालीय. एक, आमच्यातल्या एकाचं नाटक मी कधीच सुचवत नाही, कारण मला ते मनापासून आवडत नाही. त्याला ते कळलंय आणि तो बोलेनासा झालाय. दोन, एका मैत्रिणीची एकपात्री मी एका ग्रुपला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ऊसतोडीला गेलेली बाई दवाखान्याच्या बाकावर बसून शेजारणीशी बोलते, एवढीच ती आहे. शेवटी तिचं नाव पुकारतात आणि ती उठत नाही. त्या ग्रुपनं मैत्रिणीला न विचारता प्रयोग केला, शेवट बदलून बाईला प्रेक्षकांपुढे भाषण करायला लावलं, वर गाणं टाकलं. मैत्रिणीनं ते व्हिडिओत पाहिलं. तीन, घरचे म्हणतात, स्वतःची नाटकं कपाटात आणि लोकांची डोक्यावर, हा कसला उद्योग? मी काय करू?"

दुसऱ्या गोष्टीपासून सुरू करते, कारण ती आजच्या आज करायची आहे. मैत्रिणीला फोन कर. मेसेज नको, फोन. तिला सांग की संहिता तिला न विचारता पुढे गेली ती तुझ्याकडून, आणि त्याचं तुला वाईट वाटतंय. 'मला काय माहीत ते असं करतील' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नकोस. ते खरं असेल, पण आत्ता तिला त्याचा काही उपयोग नाही. मग त्या ग्रुपला फोन कर आणि दोन गोष्टी माग: व्हिडिओ काढून टाका, आणि लेखिकेशी स्वतः बोला. पुढचा प्रयोग करायचा असेल तर मूळ शेवटासह, तिच्या लेखी परवानगीनं आणि मानधन देऊन.

मुलं असं का करतात तेही मला ठाऊक आहे. स्पर्धेत शेवटी टाळी यावी असं वाटतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हापासून या विषयावरच्या कितीतरी संहिता माझ्याकडे आल्या. बहुतेकांत शेवटी बाई उभी राहते आणि आपल्याला सुनावते. तुझ्या मैत्रिणीची बाई बसून राहते. उचल किती घेतली, एक दिवस कोयता चालला नाही तर मुकादम किती खाडा लावतो, गर्भाशयाची पिशवी काढली तर किती दिवसांत फडावर जाता येईल, हे सगळं, तू लिहितेस तसं, ती शेजारणीला सांगते, आणि नाव पुकारल्यावर तिचे पाय हलत नाहीत. प्रेक्षकाला त्या बाकावर तिच्या शेजारी बसवायची सगळी ताकद त्या न उठण्यात आहे. ती काढून घेतली की उरतं ते वर्तमानपत्रातलं कात्रण.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण हौशी मंडळींत याबद्दल फार गैरसमज आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नाटकाच्या प्रयोगाचा हक्क लेखकाचा असतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. हौशी संस्थेनं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात थोडी मोकळीक आहे, तिचाच आधार मुलं घेतात. पण लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड थांबवायचा हक्क कायद्यानं लेखकाकडेच ठेवलाय, त्यानं इतर हक्क विकले असले तरीसुद्धा. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेला उतरायचं तर लेखकाचं परवानगीपत्र आणि प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच. प्रमाणपत्र मिळतं ते मंडळाकडे दिलेल्या संहितेला. तालमीत ऐनवेळी जोडलेल्या भाषणाला ते लागू होत नाही.

तेव्हा इथून पुढे पूर्ण संहिता तू पाठवायची नाहीस. अर्धं पान पाठव. नाटक कशाबद्दल आहे, पात्रं किती, त्यात बायका किती, साधारण किती मिनिटं, नेपथ्याला काय लागतं, लेखकाचं नाव. आवडलं तर लेखकाचा नंबर दे, तोही त्याला विचारून. संहिता लेखकानं स्वतः पाठवावी. तुमच्या पाचही जणांच्या संहितेच्या पहिल्या पानावर 'प्रयोगापूर्वी लेखी परवानगी आवश्यक' हे छापलेलं असू दे. मानधनाचा आकडाही तिथेच असू दे, कॉलेजसाठी पाचशे रुपये असला तरी चालेल. मुलं चहावडापावाला तेवढे खर्च करतात. लेखकाला एकदा पैसे दिले की संहितेकडे बघण्याची त्यांची नजरच बदलते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता त्या मित्राकडे येऊ. पत्रातला हा भाग मी तीनदा वाचला.

तू लिहितेस की त्याचं नाटक रझाकारांच्या काळावर आहे, सतरा पात्रं आहेत, तीन तास चालतं आणि सगळी माणसं एकाच तोंडानं बोलतात. तुला ते आवडत नाही, म्हणून तू ते सुचवत नाहीस. इथपर्यंत तुझं काहीच चुकलेलं नाही. न आवडलेलं नाटक मैत्रीखातर सुचवणं ही तीन माणसांची फसवणूक आहे. ज्याला सुचवलं त्याची, ज्याचं सुचवलं त्याची, आणि उद्या तुझ्या शब्दावर दुसरं नाटक उचलणाऱ्याची.

हे मी अनुभवावरून सांगतेय. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मित्राचं नाटक नीट न वाचता एका संस्थेला सुचवलं होतं. पहिला अंक त्यानं मला वाचून दाखवला होता आणि तो सुंदर होता. दुसरा अंक मी चाळला. संस्थेत सात माणसं होती. तीन आठवडे पहिला अंक बसवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या अंकात अख्खं पंचायतीचं दृश्य आहे, अकरा माणसं एकाच वेळी रंगमंचावर, आणि त्यातलं एकही पात्र काढता येत नाही. स्पर्धेची प्रवेशिका भरून झाली होती. शेवटी त्यांनी माघार घेतली. मित्राचं ते नाटक पुढे कुणी हातातच घेतलं नाही, कारण 'ते बसत नाही' अशी त्याची ख्याती झाली. ते बसलं असतं. वीस माणसांच्या संस्थेकडे गेलं असतं तर छान बसलं असतं. मी ते चुकीच्या दारात नेऊन सोडलं.

पण तुझं एक मात्र राहून गेलंय. न आवडल्याचं तू त्याला सांगितलेलं नाहीस. त्यानं ते तुझ्या गप्प बसण्यावरून ओळखलं. सहा वर्षं एकमेकांचं वाचणाऱ्या माणसाला हे फार लागतं. आपलं नाटक वाईट आहे हे ऐकण्यापेक्षा आपल्या नाटकाबद्दल कुणी बोलतच नाही हे जास्त लागतं.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. त्याला म्हटलं असतं, रविवारी तुझं नाटक सगळे मिळून मोठ्यानं वाचू या. तुम्ही पाच जण आणि बाहेरचे चारपाच. बाहेरच्यांत नाटकाशी संबंध नसलेली माणसं हवीत. शाळेतले एखादे गुरुजी, शेजारच्या काकू, आणि खास करून निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम ज्यांनी घरच्यांच्या तोंडून ऐकलाय अशी वयस्कर माणसं. तुमच्याकडे सतरा सप्टेंबरला झेंडावंदनाला ती हमखास येतात. लेखकानं स्वतः वाचायचं नाही. त्यानं नुसतं ऐकायचं, वही घेऊन.

असं एक वाचन आमच्या घरी झालं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. संहितेच्या चार स्पायरल प्रती, माणसं नऊ, म्हणून दोघा-दोघांत एक प्रत मांडीवर. नाटक मैत्रिणीचं होतं आणि मला ते लांबलेलं, शब्दबंबाळ वाटत होतं. पहिल्या अंकाला लोक चुळबुळत होते, कुणीतरी पंखा वाढवला, कुणीतरी पाणी आणायला उठलं. दुसऱ्या अंकात एका म्हातारीचं छोटं काम आहे, जेमतेम दीड पान. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असलेली बाई, आता ऐकू येत नाही. ते काम आम्ही वरच्या मजल्यावरच्या आजींना दिलं होतं. त्यांनी चष्मा वर ढकलला, ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी सपाट आवाजात वाचायला लागल्या, यादी वाचावी तसं. कोणकोणाचे ट्रंक कॉल जोडून दिले, कोण फोनवर रडलं, कोण नुसतंच श्वास घेत राहिलं. तिसऱ्या वाक्यापासून खोलीत कुणी हललं नाही. वाचून झाल्यावर आजींनी पुढच्याची पाळी आहे म्हणून प्रत सरकवली, तर पुढच्याला कुठून वाचायचं तेच सापडेना.

मैत्रिणीनं त्या दिवशी वहीत एकच शब्द लिहिला होता, 'म्हातारी'. चार महिन्यांनी ते नाटक त्या म्हातारीचं होऊन आलं, चाळीस मिनिटांचं. ते मी दोन संस्थांना सुचवलं, एकीला प्रयोगासाठी आणि दुसरीला अभिवाचनासाठी. ही दुसरी संस्था निवृत्त बायकांची. त्यांना पाठांतर झेपत नव्हतं, पण वाचायच्या मात्र फार सुरेख.

तुझ्या मित्राच्या तीन तासांतही अशी दीड पानं असतील. नसतीलही. नसतील तर तेही त्या रविवारी सगळ्यांना ऐकू येईल, आणि मग तुला एकटीला सांगावं लागणार नाही. पण तरीही, वाचन संपल्यावर लोक गेले की त्याच्याजवळ बस आणि आपल्या तोंडानं सांग. काय आवडलं नाही, कोणत्या पानावर, का. 'छान आहे, पण आमच्या मुलांना जमणार नाही' असली पळवाट काढू नकोस. सतरा पात्रांची नाटकं जमतात. मराठवाड्यातल्याच राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा जालन्याकडच्या कलावंतांचा मोठा ताफाच त्यात होता, आणि ते राज्यभर फिरलं. तेव्हा माणसांची संख्या ही अडचण नव्हे. अडचण एकाच तोंडानं बोलण्याची आहे, आणि तेच त्याला सांग.

आता फोन करणाऱ्या मुलांबद्दल. 'नवीन काहीतरी सांगा' असं म्हणणाऱ्याला लगेच नाव सांगू नकोस, आधी त्याला विचार. ग्रुपमध्ये सगळ्यात चांगलं काम कोण करतं? ती मुलगी बोलते कशी, शहरी की गावाकडची? तालमीला जागा कोणती? स्पर्धेला की गावात यात्रेत करायचंय? नेपथ्य टेम्पोतून न्यायचंय की एसटीतून? या उत्तरांतून नाटक आपोआप पुढे येतं. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका गावोगाव पोचली, त्यामागे तिच्यातला जळता विषय आहेच, पण दोन नट आणि रिकामी जागा एवढ्यावर ती उभी राहते हेही आहे. कुठल्याही ओट्यावर करता येते. आणि प्राजक्त देशमुख यांची 'देवबाभळी' आधी एकांकिका होती, पुढे तिचं 'संगीत देवबाभळी' हे दोन अंकी नाटक झालं, तरी पात्रं दोनच राहिली, तुकारामांची आवली आणि लखुबाईच्या रूपातली रखुमाई. दोन गाणाऱ्या मुली समोर असतील तर असं नाटक आपल्याला आठवलं पाहिजे. गाता न येणाऱ्या दोन मुलींना तेच सुचवलं तर त्यांचे हाल होतील.

एकपात्रीचं आणि स्वगताचं वेगळं बोलायला हवं, कारण तुझ्याकडे ती मागणी जास्त येते असं तू लिहिलंयस. नाट्यशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला मुली 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेचं शेवटचं स्वगत करतात आणि मुलगे 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांचं. दोन्ही थोर आहेत. पण परीक्षक ती शेकडो वेळा ऐकून बसलेले असतात, आणि एकोणीस वर्षांच्या पोरानं अप्पा करावा हे त्या पोरावरच अन्याय करणारं आहे. इथे नव्या नाटककारांचं लिखाण सुचवायला फार मोठी जागा रिकामी आहे. ती तुम्ही पाच जण भरू शकता.

फक्त एकपात्री वाचताना एक प्रश्न आधी विचारत जा: ही व्यक्ती आत्ता, मोठ्यानं, का बोलतेय? चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये आई मुलाची डायरी वाचते. मुलगा समलिंगी आहे हे तिला त्यातून कळतं, आणि वाचता वाचता ती स्वतःशी झगडत जाते. बोलण्याचं कारण तिच्या हातातच आहे, ती वही. म्हणून क्षणभरही असं वाटत नाही की ही बाई आपल्यासाठी बोलतेय. याउलट सुषमा देशपांडे यांची 'व्हय, मी सावित्रीबाई' सरळ आपल्याशी बोलते, १९८९ पासून बोलतेय, आणि तेही तितकंच खरं वाटतं, कारण सावित्रीबाई आपली गोष्ट सांगायलाच आलेल्या आहेत. पुढे तरुण अभिनेत्रींनीही तो प्रयोग केला आणि तो उभा राहिला. म्हणजे लिखाणात दम होता, तो एका नटीपुरता नव्हता. तुझ्या मैत्रिणीच्या बाईला बोलायला शेजारीण आहे, आणि नाव पुकारलं जाईपर्यंतचा वेळ आहे. कारण पक्कं आहे. भाषण जोडलं तेव्हा ते कारणच मोडलं.

संहिता पुढे न्यायची दुसरी वाट छापील आहे आणि आपण ती विसरत चाललोय. महेश एलकुंचवार यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा' मासिकात छापून आली. ती दिग्दर्शिका विजया मेहता यांच्या वाचनात आली आणि त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून रंगमंचावर आणल्या. नागपूरचा तरुण लेखक मुंबईच्या रंगमंचावर पोचला तो मासिकाच्या पानांवरून. 'सत्यकथा' आता नाही. पण कणकवलीहून निघणारं 'रंगवाचा'सारखं नाटकाला वाहिलेलं नियतकालिक आहे, दिवाळी अंक आहेत. तुझ्या चौघांपैकी एकाची एकांकिका तुला खरोखर आवडली असेल तर संपादकांना दोन ओळींचं पत्र लिही, की ही वाचा, मी वाचलीय, मला का आवडली ते असं. लेखकानं स्वतः पाठवलेल्या संहितेइतकंच, कधी त्याहून जास्त लक्ष अशा पत्राकडे जातं.

राहिली घरच्यांची गोष्ट. त्यांचं म्हणणं प्रेमापोटी आहे, ते अर्धं ऐक. तुझं दोन अंकी नाटक कपाटात आहे ते आधी बाहेर काढ. फोन करणाऱ्या मुलांना स्वतःचं नाटक सांगायला लाजू नकोस. ते तुझं आहे हे मोकळेपणानं सांग, आणि बसत असेल तरच सांग, मित्रांच्या नाटकाला लावतेस तीच फूटपट्टी लावून. पण दुसऱ्यांची नाटकं सुचवल्यानं तुझं मागे पडतं असं अजिबात नाही. जयंत पवार यांनी 'अधांतर'सारखं नाटक लिहिलं आणि वर्षानुवर्षं वर्तमानपत्रातून इतरांच्या नाटकांवरही तितक्याच आस्थेनं लिहिलं. त्या लिहिण्यानं त्यांचं नाटक कुठे उणं झालं नाही. तुला फोन येतात ते तू वाचतेस म्हणून. कपाटातलं तुझं नाटक बाहेर यायचा रस्ताही त्याच फोनवरून जाणार आहे.

शेवटी एक विनंती. मैत्रिणीचा राग निवला की तिला विचार, ती एकपात्री मला वाचायला देईल का. तिनं स्वतः पाठवावी, मूळ शेवटासह. कोल्हापूरची एक मुलगी प्रवेशपरीक्षेसाठी काहीतरी शोधतेय. तिची आजी फडावर राबलेली आहे आणि मुलीच्या बोलण्यात तो हेल आहे. मी आधी मोठ्यानं वाचेन, मग तुझ्या मैत्रिणीशी बोलेन, आणि तिनं हो म्हटलं तरच त्या मुलीला तिचा नंबर देईन.